अप्पांची गाडी

अप्पांनी १९७४ साली ‘दोन दिवसांत जोडतो’ म्हणून खोललेली बीएसए एम-२० त्यांच्या हयातीत काही जुळली नाही. वाड्याच्या जिन्याखाली ती पोत्यांत पडून होती. परवा मलाच पितृऋणाची उबळ आली.

दुसऱ्या महायुद्धात या जातीच्या सव्वा लाखावर गाड्या लष्करासाठी निघाल्या; पण बर्मिंगहॅमची ती कंपनी १९७३ मध्येच दुसऱ्यांच्या घशात गेली. तेव्हा टाकी जुन्या बाजारातली, चाकं नाना पेठेतली आणि पिस्टन भलत्याच गाडीचा, लेथवर उतरवून बसवलेला.

आईनं विचारलं, “यात ह्यांचं काय राहिलं रे?”

मी गप्प. थीसियसच्या जहाजाची एकेक फळी बदलल्यावर जहाज तेच राहतं का, यावर ग्रीक पंडित भांडले, असं प्लुटार्क लिहून गेलाय. सतराव्या शतकात हॉब्जनं आणखी पाचर मारली: काढलेल्या फळ्या कुणी साठवून पुन्हा जोडल्या तर खरं जहाज कुठलं? आमच्या घरातला हॉब्ज म्हणजे आई. भंगारवाल्याला तिनं एक नटही दिला नव्हता. सगळं तिच्या खाटेखालच्या ट्रंकेत!

अखेर एका रविवारी गाडी फुरफुरली. शेजारी म्हणाले, “अप्पांची गाडी सुरू झाली!” मला चोरी पकडल्यासारखं वाटलं. आई बाहेर आली. गाडीकडे तिनं पाहिलंच नाही. खाली फरशीवर तेलाचा ताजा, काळा डाग पसरत होता. त्याच्याकडे बघत, पदर डोळ्यांना लावून ती म्हणाली,

“ह्यांचीच आहे हो!”