खड्डा, टायर आणि प्रमाद

खड्ड्यात आपटून गाडीच्या टायरला मार बसला, तर तो बदलावा की अजून काही दिवस ढकलावा, हा प्रश्न दिसायला खिशाचा आहे. पण त्याच्या पोटात धर्मविचाराने पुन्हा पुन्हा हाताळलेला एक जुना प्रश्न दडलेला आहे: जे अनिष्ट अजून घडलेले नाही, कदाचित घडणारही नाही, त्याचा दोष माणसाला आधीच लागतो का? मुळशी तालुक्यात हा प्रश्न दर पावसाळ्यात उभा राहतो. चांदणी चौकातून भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड करत ताम्हिणी घाटाने माणगावकडे उतरणाऱ्या रस्त्यावर खडीचे डंपर, कामगारांच्या बसगाड्या आणि शनिवार-रविवारी धबधबे पाहायला निघालेले पुणेकर एकाच वेळी असतात. डांबरात पाणी मुरते, वरून वजन जाते, खडी सुटते. भातलावणीच्या दिवसांत खड्डा काठोकाठ भरलेला असतो आणि त्याची खोली कळते ती चाक आत गेल्यावरच.

आधी इजा कशी होते ते पाहायला हवे, कारण या प्रकरणातला निम्मा नैतिक गोंधळ निव्वळ अज्ञानातून येतो. रेडियल टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. बाजूच्या भिंतीत मात्र बहुधा पॉलिएस्टरच्या दोऱ्यांचा एखाददुसरा थरच असतो. चाक खड्ड्याच्या धारेवर आदळले की ही भिंत रिम आणि रस्ता यांच्यात चिमटली जाते. हवा कमी असेल तर जास्तच. आतले दोरे तुटतात, बाहेरचे रबर शाबूत राहते आणि तुटलेल्या जागी हवा रबराला बाहेर ढकलते. यालाच टायरला फुगा येणे म्हणतात. तो कधी लगेच दिसतो, कधी चार दिवसांनी. त्यावर पॅच चालत नाही, कारण पॅच भोक बुजवतो, दोरे सांधत नाही. असा टायर आठवडाभर चालेल, वर्षभर चालेल किंवा घाटाच्या उतारावर तापून फुटेल. यातले काय होईल हे बाहेरून पाहून कोणालाही सांगता येत नाही.

उलट बाजूही आहे. टायरच्या भिंतीवर कधीकधी आत दबलेली एक उभी हलकी खळगी दिसते आणि ती पाहून कित्येकांच्या छातीत धडकी भरते. बहुधा ती आतल्या थराची दोन टोके एकावर एक चढवून जोडल्याची खूण असते आणि निरुपद्रवी असते. रस्त्याला टेकणाऱ्या भागात खिळ्याने पडलेले भोकही साधारण ६ मिलिमीटरपर्यंत असेल तर नीट दुरुस्त होते.

न्यायदर्शनाने जे सोळा पदार्थ मांडले, त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या लगोलग ‘संशय’ येतो. संशय ही तिथे मनाची दुबळी अवस्था नाही. चौकशीची सुरुवातच तिथून होते आणि ती ‘निर्णया’पर्यंत न्यायची असते. संधिप्रकाशात समोर दिसते ते झाडाचे खोड की माणूस, हे त्या शास्त्राचे आवडते उदाहरण. टायरच्या बाबतीत खळगी हा दोरीवर भासलेला साप, तर फुगा हा डोंगरावरचा धूर: दोरे तुटल्याचे अनुमान त्यावरून पक्के होते. अवघड आहे ती तिसरी अवस्था. जोरात आदळल्याचा आवाज झाला, स्टिअरिंगला हिसका बसला, बाहेर मात्र ओरखडासुद्धा नाही. इथे टायर रिमवरून उतरवून, आत बॅटरी मारून, भिंतीवरून आतून तळवा फिरवल्याशिवाय निर्णय होत नाही. हाताला सुरकुती किंवा सुटा दोरा लागला, की संशय संपला. हे काम काही मिनिटांचे असते, आणि तरीही ते टाळले जाते. पाहिले तर कळेल आणि कळले तर खर्च करावा लागेल, हे मनाला आधीच कळलेले असते.

शब्दप्रमाणाचा, म्हणजे जाणत्याच्या सांगण्यावर विसंबण्याचा, घोळ याच ठिकाणी होतो. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याच्या मते आप्त म्हणजे ज्याला वस्तू प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि ती जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. मग तो ऋषी असो वा म्लेंच्छ. टायरवाल्याकडे यातली पहिली गोष्ट भरपूर असते. दुसरीबद्दल गिऱ्हाइकाला खात्री नसते, कारण सांगणाराच विकणारा असतो. म्हणून ‘चारही बदला’ या सल्ल्यावर संशय घेणे रास्त आहे. पण त्या संशयाचा आधार घेऊन फुगा आलेला टायरही तसाच पळवणे ही शुद्ध वितंडा होय. शहाणा मनुष्य टायर उतरवून स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो, किंवा ज्याच्याकडे टायर विकायला नाहीत अशा पंक्चरवाल्याला विचारतो.

दोषाचा विचार सर्वांत नेमकेपणाने केला तो जैन आचार्यांनी. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्राणहानीपाशी थांबत नाही. ती हानी प्रमादातून, म्हणजे बेसावधपणातून झालेली असावी लागते. कुंदकुंदाचार्य प्रवचनसारात आणखी पुढे जातात. त्यांच्या मते अयत्नाने वागणाऱ्याच्या हातून कोणी मेले नाही तरी हिंसेचा दोष त्याला चिकटतो आणि जपून चालणाऱ्याच्या पायाखाली अजाणता जीव गेला तरी त्याला तो बंध पडत नाही. जैन साधूंची ईर्यासमिती, म्हणजे पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकण्याचा नियम, याच विचारातून आली. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे जे लांबलचक वर्णन आहे, त्यात पाऊल कसे टाकावे हे सांगताना भुंगा, कमळ आणि केसराला दुखापत होईल ही धास्ती असा दाखला येतो. तेथे अहिंसा तलवार म्यान करण्यात नसून पाय टेकण्याच्या रीतीत आहे. पाऊल रबराचे असले म्हणून नियम बदलत नाही.

योगायोगाने विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ मध्ये नेमका याच जातीचा दाखला घेतला होता. एक जहाजमालक आपले जुने, डागडुजीला आलेले जहाज प्रवाशांनी भरून पाठवतो. मनात शंका येते, पण इतक्या सफरी निभावल्या, देव पाठीशी आहे, असे म्हणून तो ती दाबतो आणि अखेर मनापासून निश्चिंत होतो. जहाज बुडते. क्लिफर्ड म्हणतो, जहाज सुखरूप पोहोचले असते तरी मालक तितकाच दोषी ठरला असता, कारण तसा विश्वास बाळगण्याचा हक्कच त्याला नव्हता. ‘आजवर काही झालं नाही’ हे वाक्य मुळशीच्या घाटातही याच सुरात म्हटले जाते. भारतीय कायदाही या बाजूला झुकतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० नुसार, वाहनातला जो धोकादायक दोष माणसाला ठाऊक होता किंवा साधारण काळजी घेतली असती तर ठाऊक झाला असता, त्यासह ते सार्वजनिक रस्त्यावर चालवणे हा गुन्हा आहे, आणि तसे वाहन चालवू देणाराही त्यात येतो. ड्रायव्हरच्या हाती किल्ली देणारा मालक आणि मेव्हण्याला सहलीसाठी गाडी देणारा गृहस्थ, दोघेही त्या शब्दांत बसतात. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी राहिलेला, म्हणजे गोटा झालेला कारचा टायर तर नियमानेच बाद आहे.

लोकव्यवहार मात्र असा न्याय करत नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ थॉमस नेगेलने १९७६ मध्ये नैतिक दैवाची चर्चा करताना ट्रक चालवणाऱ्याचे उदाहरण घेतले. ब्रेक तपासायचे राहिलेल्या माणसाच्या गाडीखाली मूल आले, तर तो जन्मभर स्वतःला दोष देतो; तशीच हयगय केलेला दुसरा मात्र मूल आडवे न आल्यामुळे निर्धास्त जेवतो. क्लिफर्ड आणि कुंदकुंद यांच्या हिशेबात दोघे सारखेच. गावाच्या, कोर्टाच्या आणि स्वतः त्या माणसाच्या हिशेबात मात्र नाहीत. हा पेच कोणी समाधानकारक सोडवलेला नाही. एवढे खरे, की निकाल लागल्यानंतरचा विचार दोघांत फरक करू शकतो. टायर बदलण्याचा निर्णय निकालाआधी घ्यायचा असतो आणि त्या वेळी दोघेही एकाच जागी उभे असतात.

उरतो दैवाचा आधार. दसऱ्याला गाडी धुतली जाते, झेंडूचा हार चढतो, चाकाला हळद-कुंकू लागते. नवी गाडी असेल तर चाकाखाली लिंबू चिरडले जाते. ही श्रद्धा हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण वर्षातून एकदा का होईना, चाकापाशी वाकून पाहिले जाते. अडचण अशी की हळद-कुंकू बाहेरच्या बाजूला लागते आणि फुगा पुष्कळदा आतल्या बाजूला, सहज न दिसणारा असतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव त्यांत आहे, पण पाचांतले एक म्हणून. योगवासिष्ठ तर दैवाला वेगळी सत्ताच देत नाही. मागचे प्रयत्न म्हणजेच दैव आणि ते आजच्या प्रयत्नांशी एडक्यांसारखी टक्कर घेते. खड्डा हा या अर्थाने दुसऱ्यांच्या मागच्या कर्माचा भाग म्हणता येईल, आणि त्याची जबाबदारी त्यांच्याकडे मागणे योग्यच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये, खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. पण खड्डा कोणाचा, या प्रश्नाच्या उत्तराने टायरचे दोरे जुळत नाहीत. रस्त्याच्या ठेकेदारावरचा राग आणि फुगा आलेला टायर एकाच गाडीतून नेणाऱ्याची चूक दुहेरी आहे.

पैसाच नसेल तर काय? महिनाअखेरीला भाड्याची गाडी चालवणाऱ्याला हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा वाटत नाही. आपद्धर्माची सवलत इथे खरी आहे, पण मोजकी: स्टेपनी लावावी, ती अरुंद असेल तर वेग धरू नये, आणि बदललेला एक टायर त्याच आसावरच्या दुसऱ्याशी मापाने जुळेल असे पाहावे. ही सवलत घर गाठण्यापुरती आहे, पुढच्या पगारापर्यंतची नाही; कारण धोका पत्करणारा एकटाच नसतो. घाटात समोरून येणाऱ्या दुचाकीवर मागे बसलेल्या बाईने त्या टायरला संमती दिलेली नाही.

काढून ठेवलेल्या टायरचा प्रश्न सहसा कोणी विचारात घेत नाही, पण तो याच विषयाचा भाग आहे. जुना टायर दुकानातच राहतो आणि जुन्या मालाला गिऱ्हाईक असते. नक्षी चांगली, फुगा मात्र आतल्या बाजूला, असा टायर ‘सेकंड’ म्हणून कोणा गरिबाच्या टेम्पोला लागू शकतो. मग पहिल्या मालकाने धोका टाळला नाही, फक्त स्वस्तात दुसऱ्याच्या गळ्यात घातला. बैलाच्या चालीने जाणाऱ्या डनलॉप गाडीला जुने टायर चालून जातात. रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने पळणाऱ्या टेम्पोला चालत नाहीत. म्हणून असा टायर दुकानात सोडण्याआधी त्याची भिंत सुरीने चिरून घ्यावी, म्हणजे तो पुन्हा कोणत्याही रिमवर चढत नाही. अंगणात कुंडी करायची असेल तर तळाला भोके पाडावीत, नाहीतर मुळशीच्या पावसात त्यात पाणी साचून डास होतात.