पाल्य आणि पुत्र

गेल्या पावसाळ्यात वेळापूरच्या शिवारात राहणाऱ्या एका कॅथॉलिक कुटुंबाकडे जाण्याचा योग आला. अर्धनारीनटेश्वराचे प्राचीन मंदिर आणि आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा मुक्काम, यांमुळे माळशिरस तालुक्यातील हे गाव सर्वांच्या परिचयाचे आहे. मी पोहोचलो तेव्हा घरधनी आणि त्यांचा सात वर्षांचा मुलगा अंगणाच्या कडेला एका रोपट्यापाशी बसले होते. रोपटे रानबोरीच्या बीपासून वाढवलेले. त्या खुंटावर उमराण बोरीचा डोळा भरण्याचे काम चालले होते. पाणी उतरले की साल सहज सुटते, म्हणून हे काम पावसाळ्यातच करायचे. वडिलांनी सालीला खाच पाडली, डोळा आत सरकवला, पट्टी गुंडाळली आणि डोळ्यापुरती जागा उघडी ठेवली.

मुलाने विचारले, “बाबा, आता हे झाड कुणाचं?”

“मुळं ह्याची, बोरं त्याची. झाड एकच.”

मूल क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “मला पण असंच आणलंय ना तुम्ही?”

वडिलांनी पट्टीची गाठ मारली आणि म्हटले, “हो. असंच.” त्यानंतर मुलगा पाण्याचा तांब्या आणायला पळाला.

हा मुलगा अडीच वर्षांचा असताना दत्तक म्हणून या घरी आला. बोलायला उशिरा लागला, म्हणून आईने त्याला बालवाडीत न घालता सहावे वर्ष लागेपर्यंत घरीच शिकवले. घेवड्याच्या बियांवर अंक, भाजीच्या वाफ्यांवर रंग आणि संध्याकाळच्या रोझरीवर पाठांतर, असा तो अभ्यासक्रम होता. आपण कोठून आलो, हा धडाही त्याला त्याच शाळेत मिळाला होता. म्हणून त्या प्रश्नाने वडिलांचा हात थरथरला नाही.

माझे मन मात्र थरथरले. त्याचे कारण सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी नवा धर्मगुरू असताना एका धर्मग्रामातील दाम्पत्य माझ्याकडे आले होते. काही महिन्यांचे बाळ त्यांनी घरी आणले होते. त्यांचा प्रश्न एकच होता: “फादर, मोठा झाल्यावर याला सांगायचे का?” मी सेमिनरीतून नुकताच बाहेर पडलो होतो आणि प्रत्येक प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर होते. मी म्हणालो, “कशाला सांगायचे? प्रेम पुरेसे आहे.” त्यांना तेच ऐकायचे होते. ते समाधानाने परत गेले.

एकोणीस वर्षांनी तो मुलगा माझ्यासमोर उभा राहिला. कसल्याशा दाखल्यासाठी त्याने घरातली पेटी उघडली होती आणि त्यात न्यायालयाचा जुना आदेश सापडला होता. त्या कागदावर त्याच्या आईवडिलांना ‘पालक’ म्हटले होते आणि त्याला ‘पाल्य’. तो म्हणाला, “फादर, मी दत्तक आहे याचं मला दुःख नाही. सगळ्या वाडीला माहीत होतं, मला एकट्यालाच नव्हतं, याचं आहे.”

त्या कागदावर ‘पुत्र’ असे का लिहिलेले नव्हते, हे आपल्या कुटुंबांनी समजून घेतले पाहिजे. १९५६ चा दत्तकविषयक कायदा हिंदूंसाठी होता. बौद्ध, जैन आणि शीख बांधवही त्याच्या कक्षेत येत. ख्रिस्ती दाम्पत्याला मात्र १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याचाच आधार होता. त्या कायद्याने मुलाचा सांभाळ करण्याचा अधिकार मिळे. आईबाप होण्याचा मिळत नसे. मूल सज्ञान झाले की ते नातेही कायद्यापुरते संपे. सर्वधर्मीयांसाठी १९७२ आणि १९८० मध्ये विधेयके आली, पण कायदा झाला नाही. शेवटी २००० चा बाल न्याय कायदा, त्याची २००६ ची दुरुस्ती आणि २०१५ चा नवा कायदा यांनी ते दार उघडले. आज कोणत्याही धर्माचे दाम्पत्य या मार्गाने दत्तक घेऊ शकते आणि ते बालक पोटच्या मुलाचे सर्व हक्क घेऊनच घरात येते.

ख्रिस्तसभेने हे नाते आधीच मानले होते. नागरी कायद्यानुसार दत्तक घेतलेली मुले ही दत्तक घेणाऱ्यांचीच मुले होत, असे १९८३ च्या धर्मविधानातील ११० वा नियम सांगतो. आणि संत पौलाने तर ही दोन नाती समोरासमोरच ठेवली आहेत. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो पालकांच्या आणि कारभाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या वारसाचे चित्र काढतो, आणि लगेच म्हणतो की देवाने आपल्याला त्या अवस्थेतून काढून दत्तकपण दिले. पाल्याने पुत्र व्हावे, हाच तारणाचा अर्थ आहे. मग ज्या नात्याच्या नावाने आपण स्वर्गीय पित्याला हाक मारतो, ते नाते आपल्याच घरात लपवून ठेवावेसे का वाटते?

माझ्या त्या सल्ल्यामागे आळस नव्हता, युक्तिवाद होता. सत्य जाणण्याचा ज्याला अधिकार नाही, त्याच्यापुढे ते उघड करण्याचे बंधन कोणावर नाही, असे नीतिशास्त्र शिकवते. १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथातही हा विचार आहे. खोटे बोलू नये, पण मौन पाळता येते. वैद्य, वकील आणि पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू मौन पाळतातच. मी हे तत्त्व उचलले आणि त्या बाळाला लावले.

माझी चूक तत्त्वात नव्हती. ते कोणाला लागू पडते हे ओळखण्यात होती. जे गुपित माझे आहे किंवा विश्वासाने माझ्यापाशी ठेवलेले आहे, त्याचे मौन मला पाळता येते. परंतु एखाद्याचा जन्म ही त्याच्या आईवडिलांची मालमत्ता नाही. मुलाच्या वतीने ते ती ठेव जपून ठेवतात, एवढेच. ज्याची ठेव आहे त्याच्यापासूनच ती लपवणे म्हणजे मौन नव्हे. तो ठेवीचा अपहार आहे. शेजाऱ्याला, आत्याबाईंना, मिस्सेनंतर अंगणात उभ्या असलेल्या मंडळींना ते सत्य जाणण्याचा काहीही अधिकार नाही. मुलाला आहे. आमच्या हातून नेमके उलटे घडले: ज्यांना अधिकार नव्हता त्यांना सर्व ठाऊक होते आणि ज्याला होता तो एकटाच अंधारात राहिला.

देशाचा कायदाही आता याच भेदावर उभा आहे. दत्तकविषयक नोंदी इतरांसाठी गोपनीय असतात. पण अठरा वर्षे पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्तीला आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो. जन्मदात्यांनी मूल सोपवताना गुप्ततेची मागणी केली असेल, तर त्यांच्या संमतीचा मान राखला जातो.

तरीही आईच्या मनातली भीती युक्तिवादाने जात नाही. “सांगितले आणि तो आमच्यापासून दुरावला तर?” या भीतीला उत्तर देण्यासाठी मी आता पवित्र कुटुंबाकडे बोट दाखवतो. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो, त्या प्रसंगी पवित्र मरिया योसेफाला त्याचा पिता म्हणते. तिच्या वाक्यात संकोच नाही. उत्तरात येशू आपल्या खऱ्या पित्याच्या घराविषयी बोलतो. दोन्ही सत्ये एकाच ठिकाणी, योसेफाच्या देखत उच्चारली जातात. आणि लूक पुढे काय सांगतो? तो त्यांच्याबरोबर नाझरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. उगमाचे सत्य बोलले गेले म्हणून घर मोडले नाही. योसेफाचे पितृत्व रक्ताने सिद्ध झाले नव्हते, म्हणून ते सत्याने नाहीसेही होऊ शकले नाही.

आपल्या मराठी भूमीतही असे एक घर होते. परंपरेने ते ख्रिस्ती नव्हते, तरी त्यापासून आपण शिकावे. महात्मा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. संकटात सापडलेल्या विधवांनी निर्धास्तपणे यावे आणि मूल मारू नये, हा त्याचा हेतू. तेथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच यशवंत. त्याचा जन्म कोठला, हे त्यांनी लपवले नाही; आणि आपला वारस म्हणून त्याला उभे केले. १८९० मध्ये जोतीरावांच्या अंत्ययात्रेत दत्तक मुलाने टिटवे धरण्यास भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे घेऊन पुढे झाल्या, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये त्याने रोग्यांवर उपचार केले. त्याच सेवेत सावित्रीबाईंनी देह ठेवला. ज्या मुलापासून काहीही लपवलेले नव्हते, तो मुलगा दुरावला नव्हता.

वेळापूरहून पालखी भंडीशेगाव, वाखरी करीत पंढरपूरला जाते. त्या पंढरपुरात १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाजाचा बालकाश्रम उभा राहिला. तीर्थक्षेत्री येऊन गुपचूप बाळंत होणाऱ्या विधवांची टाकून दिलेली बालके तेथे वाचू लागली. तो पुढे नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखला गेला. लाजेपोटी लपवलेल्या जन्मांची किंमत बालकांनी प्राणांनी चुकवली, म्हणून अशी घरे उघडावी लागली. वाचलेल्या बालकाभोवती आपण पुन्हा तीच लाज गुंडाळावी काय?

सत्य कसे सांगावे, हा पुढचा प्रश्न. एके दिवशी समोर बसवून, गंभीर चेहऱ्याने मुळीच नव्हे. ते घरातल्या बोलण्यात पहिल्या दिवसापासून असावे. मुलाला ‘मला ते कळले तो दिवस’ आठवताच येऊ नये. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने आईवडिलांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटले. आपण त्याचा अर्थ गृहपाठ आणि प्रार्थनांपुरता घेतो. शाळा वाचायला शिकवील, धर्मशिक्षणाचा वर्ग दहा आज्ञा शिकवील. पण ‘या घरात खरे बोलले तरी प्रेम कमी होत नाही’ हा धडा घराशिवाय कोठेही मिळत नाही. जन्मदात्रीविषयी बोलताना वाईट शब्द काढू नये. वयाला न पेलणारा तपशील नंतरसाठी ठेवावा. मात्र जे सांगू ते पुढे बदलावे लागू नये.

आणखी एक विनंती आपणा सर्वांना, विशेषतः धर्मग्रामातील ज्येष्ठांना. दत्तक मुलासमोर त्याच्या आईवडिलांना “केवढे पुण्य केलेत!” असे म्हणू नका. त्या शब्दांनी मूल ऋणको होते, आणि ऋणकोला घरात मोकळेपणाने रागावता येत नाही, हट्ट करता येत नाही, परीक्षेत नापासही होता येत नाही. पोटच्या मुलाला आपण कधी सांगतो का, की तुला वाढवून आईबापांनी दानधर्म केला? अपत्य ही दयेची पावती नव्हे.

बागाईत करणाऱ्या आपल्या लोकांना हे अवघड वाटू नये. डोळा भरताना दोन्ही झाडांना जखम होते. ती पट्टीखाली राहते, पण नव्हतीच असे माळी म्हणत नाही. खुंट आपली मुळे देतो, ओल देतो, आणि बोर मात्र डोळ्याच्याच जातीचे लागते. खुंटाने आपल्याच चवीचा आग्रह धरला, तर कलम कशासाठी? रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने हे चित्र मुद्दाम उलटे केले: माळी रानटी खुंटावर गोड जातीचे कलम बांधतो, देवाने आपल्या रानटी फांदीला चांगल्या झाडावर कलम केले. आपण सगळेच बांधलेल्या फांद्या आहोत. म्हणून दत्तक मुलाची अवस्था ख्रिस्ती कुटुंबात परकी असू शकत नाही. खरे तर तीच आपली सर्वांची अवस्था आहे.

तो तरुण काही महिने घर सोडून राहिला. पुढे वडिलांच्या आजारपणात परत आला. आईला तो ‘आई’च म्हणतो. मी त्याची क्षमा मागितली. त्याने ती दिली. परंतु ज्या एकोणीस वर्षांत त्याला सांगता आले असते, ती मला परत देता येणार नाहीत.

म्हणून आता बाप्तिस्म्यासाठी कोणी दाम्पत्य दत्तक बाळ घेऊन आले, की त्यांची नावे मी नोंदवहीत आईवडील म्हणूनच लिहितो. पण लेखणी उचलण्यापूर्वी विचारतो, “बाळ घरी कसे आले, ही गोष्ट त्याला कधीपासून सांगणार?” बहुतेक जण एकमेकांकडे पाहतात. मग मी म्हणतो, “आज रात्री पाळण्याशी सांगून बघा. त्याला कळणार नाही. पण तुमच्या जिभेला सवय होईल.”