पुण्याची पावती

कर वाचवणं आणि पुण्य जोडणं ही दोन कामं एकाच दगडात साधतात, हे आमच्या पूर्वजांना ठाऊक नव्हतं. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला, तेव्हा त्यांनी पावती मागितल्याचं ऐकिवात नाही.

आपल्यासाठी ही सोय 1961 च्या आयकर कायद्याने केली. कलम 80जी. सरकारने ऐतिहासिक महत्त्वाचं म्हणून जाहीर केलेल्या मंदिराच्या, मशिदीच्या, गुरुद्वाराच्या किंवा चर्चच्या दुरुस्तीला देणगी द्यायची आणि ठरलेल्या मर्यादेत तिची निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा करायची. 'निम्मे पैसे परत' असं समजून हरखणारी मंडळी पुष्कळ. तसं नाही हो! हजार दिले, पाचशे वजा झाले, की 30 टक्के दराने वाचतात दीडशे. म्हणजे पावती हजाराची आणि खिशातून गेले साडेआठशे. आता चित्रगुप्ताने वहीत कोणता आकडा लिहावा?

मी म्हणतो, त्याने खुशाल हजार लिहावेत. गळकं छत दात्याचा हेतू विचारत नाही. माझा प्रश्न निराळाच आहे. ते दीडशे दिले कोणी?

सरकारने, असं आपण म्हणतो. पण सरकारला वडिलोपार्जित शेती नाही. ते दीडशे तुमचे, माझे आणि साबणाच्या वडीमागे निमूटपणे कर भरणाऱ्या म्हातारीचे.

आता हीच म्हातारी घेऊन खुलताबादला चला. इथे भद्रा मारुती आहे. तो निजलेला. देव आरामात आडवा आणि भक्त मात्र हनुमान जयंतीला संभाजीनगराहून रात्रभर पायी चालत येतात! ज्यांचे गुडघे शाबूत त्यांचं ठीक आहे. जवळच्या वेरूळला बाराव्या लेण्याचे तर तीन मजले. ते खोदणाऱ्यांनी डोळ्यांसमोर तरणे भिक्षू ठेवले असणार; सांधेदुखीवाली म्हातारी नव्हे. आणि खुलताबादच्या जुन्या तटाला जे दरवाजे होते, त्यांतल्या एकाचं नावच लंगडा दरवाजा. नाव द्यायला आपण कधी कमी पडत नाही. वाट द्यायची म्हटलं की अडतं.

कायद्यातही नेमकं हेच झालं. 80जीने शब्द वापरले ते नूतनीकरण आणि दुरुस्ती. घुमटाची भेग बुजवा, सवलत घ्या. कठडा, उतरती वाट, अंधाऱ्या जिन्यात दिवा, यांचं नावच त्यात नाही. दगडाचं दुखणं कायद्याला कळलं, गुडघ्याचं नाही. अमेरिकेने 1976 च्या एकाच करकायद्यात ऐतिहासिक इमारतींच्या डागडुजीला सवलत दिली आणि अपंगांच्या वाटेतले अडथळे काढण्यालाही. आपल्याकडे 2016 साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. पण हक्क एका कपाटात आणि सवलत दुसऱ्या कपाटात, ही आपली जुनी शिस्त.

यावर रसिक मंडळी म्हणतात, "अहो, चारशे वर्षांच्या पायरीवर उतार बांधून शोभा घालवता काय?" पायरी फोडा असं कोण म्हणतंय? लाकडाची उतरती फळी शेजारी टाकावी, उद्या नको वाटली तर उचलावी. पायरीला ओरखडाही जात नाही. आणि म्हातारी बाहेर चपला राखत बसते, ही कसली आलीय शोभा?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. सवलत जरूर द्या, भरपूर द्या, पण ती सगळ्यांच्या पैशाने देता, तर वास्तूही सगळ्यांना उघडी होऊ द्या. पावतीवर एक रकाना वाढवा: 'या दुरुस्तीमुळे पूर्वी बाहेर बसणारं कोण आत आलं?' रकाना कोरा राहिला, तर दात्याचे साडेआठशे त्याच्या नावे पुण्य म्हणून खुशाल जमा करा. पण ते दीडशे म्हातारीचे, तेवढे तिला परत द्या. साबणाला होतील.