शेजारी कोण झाला?

शास्त्रपाठ : लूक १० : २५-३७



यरीहोच्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या मनुष्याची गोष्ट आपणांस तोंडपाठ आहे. याजक व लेवी बाजूने निघून गेले; यहूदी ज्यांस परके मानीत अशा एका शोमरोन्याने त्याच्या जखमा बांधिल्या. प्रभूने ही गोष्ट एका शास्त्र्यास, म्हणजे धर्म जाणणाऱ्या मनुष्यास सांगितली, हे विसरू नये.

आपल्या मिरजगावावरून करमाळ्याकडे जाणारा रस्ता पुढे सोलापुरास पोहोचतो. त्या सोलापुरात १९१० साली द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म झाला. मुंबईस शिकून ते डॉक्टर झाले. १९३७ साली जपानने चीनवर स्वारी केली. तेव्हा जखमी शिपायांच्या शुश्रूषेकरिता राष्ट्रीय सभेने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक तिकडे पाठविले. नागपूरचे डॉ. चोळकर व हे कोटणीस त्यांत होते. ते शिपाई नव्हते. कोणाच्या हुकुमाने नव्हे, तर आपखुशीने गेले. बाकीचे चौघे यथावकाश स्वदेशी परतले, पण कोटणीस परतले नाहीत. ते चिनी भाषा शिकले आणि उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात रणभूमीजवळ जखमींवर शस्त्रक्रिया करीत राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, पत्नी व तान्हे मूल मागे ठेवून ते तेथेच निवर्तले. ते आपल्या मंडळीचे नव्हते. परंतु तो शोमरोनी तरी कोठे याजकाच्या मंडळीचा होता?

कोणी म्हणेल, “पाळकसाहेब, आम्ही काही डॉक्टर नाही.” तर ऐका. २४ जून १८५९ रोजी इटली देशात सोल्फेरिनो येथे घनघोर लढाई झाली. हजारो जखमी जवळच्या कास्तिल्योने गावात आले. देवळे भरून गेली. गावच्या बायांनी पाणी आणिले, जखमा धुतल्या, चिंध्यांच्या पट्ट्या बांधिल्या. हा आपला, तो शत्रूचा, असा भेद त्यांनी केला नाही. सारे भाऊच, असे त्या म्हणत. व्यापाराच्या कामास निघालेले आंरी द्यूनां हे गृहस्थही त्या सेवेत सामील झाले. त्यांच्याच खटपटीतून १८६३ साली रेडक्रॉसचा आरंभ झाला. त्या बायांपाशी विद्या नव्हती, घागर होती.

आता आपल्या रस्त्याचा विचार करू. मोटारीचा अपघात होतो, मनुष्य रक्तात पडलेला असतो, आणि आपण दुरून पाहतो. कोणी त्याची जात-गाव विचारतो, कोणी साक्षीच्या भयाने मागे सरतो. वास्तविक २०१९ च्या कायद्याने, सद्भावाने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. मग भय उरले कोठे? आपल्या अंतःकरणातच ना?

येत्या रविवारी उपासनेस येताना वाटेत कोणी घायाळ दिसला, तर उपासनेस उशीर झाला तरी चालेल. बाजूने निघून जाऊन वेळेवर पोहोचणारा याजक प्रभूस नको आहे. त्या शोमरोन्याप्रमाणे थांबण्याची बुद्धी देव आपणां सर्वांस देवो. आमेन.