माती पाक झाली, असे कधी म्हणावे?

एकलहरे म्हटले की औष्णिक वीजकेंद्राची धुराडी आणि राख आठवते. राख निदान दिसते तरी. नाशिक जिल्ह्यात खरिपाच्या मक्यावर मारलेले ॲट्राझिन हे तणनाशक दिसत नाही. मका ते पचवतो. पण अंश मातीत उरला, तर मागून लावलेला कांदा पिवळा पडून करपू शकतो. समजा, मका काढून मालकाने शेत वाट्याने दुसऱ्याला दिले. फवारणीची गोष्ट त्याने सांगावी की नाही?

कोणी म्हणेल, माती स्वतःला शुद्ध करतेच की! त्यात तथ्य आहे. लाकूड पांढरे पाडून कुजवणारी ‘फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम’ ही बुरशी कित्येक कृत्रिम रसायने मोडते, ॲट्राझिनही. अल्लाहच्या निर्मितीतील ही योजना पाहून मन थक्क होते. तिला खाद्य मात्र काडीकचऱ्याचे लागते, आणि आपण धसकटे पेटवून मोकळे होतो!

तणनाशक ही फिक्हच्या अर्थाने नजासत नव्हे, हे मान्य. तरीही फुकहांची विचारपद्धती येथे उपयोगी पडते. मद्याचा आपोआप सिरका झाला, तर तो पाक ठरतो, वस्तूच बदलली. हनफी मतानुसार नजासत वाळून तिचा रंग-वास गेला, की ती जमीन नमाजसाठी पाक होते, तयम्मुमसाठी मात्र होत नाही. एकच माती एका कामाला योग्य, दुसऱ्याला अयोग्य! हा सूक्ष्म भेद मला मोलाचा वाटतो. ही बुरशी ॲट्राझिनच्या रेणूच्या बाजूच्या शाखा तोडते, मधले कडे बहुधा तसेच राहते. वस्तू बदलली खरी, पण सिरक्याइतकी पूर्ण नव्हे. शिवाय येथे रंग नाही, वास नाही. मग अंश गेला हे कोणत्या खुणेवरून ठरवायचे?

धान्याच्या राशीत हात घालून प्रेषितांनी (स.) आतली ओल बाहेर काढली आणि ती वर का ठेवली नाही, असे विक्रेत्याला विचारले. ऊन लागून धान्य वाळलेच असते, हा बचाव तेथे चालला नसता. बुरशीचा बचावही तसाच आहे. तौबा अल्लाहपाशी होते; वाटेकऱ्याचा हक्क वाटेकऱ्यालाच द्यावा लागतो, आणि त्यात माहितीचा हक्क पहिला.

उपाय अवघड नाही. शेतातील माती कुंडीत भरून कांद्याचे बी पेरावे, शेजारी न फवारलेल्या मातीची कुंडी ठेवावी, दोन-तीन आठवडे रोपे पाहावीत. ही कुंडी मालकाने पेरावी, आणि वाटा ठरण्याआधी पेरावी.