श्रद्धा कुणाला आवरते?

भारत-पाकिस्तान क्रिकेट सामना असला की आपल्याकडे कुठे होमहवन होतं, कुठे फलंदाजांच्या तसबिरींना हार पडतात. देवाला आपल्या बाजूनं मैदानात उतरवण्याची ही हौस काही आपलीच मक्तेदारी नाही. अमेरिकेतला खेळाडूही गुण मिळवून आभाळाकडे बोट दाखवतो. पण अमेरिकेतल्या महाविद्यालयीन बास्केटबॉलचा सर्वांत यशस्वी प्रशिक्षक पक्का ख्रिस्ती असूनही खेळाडूंशी बोलताना जिंकण्याची भाषाच टाळत असे. जॉन वुडन त्याचं नाव.

वुडन यांचा जन्म 14 ऑक्टोबर 1910 चा, इंडियाना राज्यातल्या शेतकरी घरातला. घरात वीज नव्हती. रात्री दिव्याच्या उजेडात वडील बायबल आणि कविता वाचून दाखवत. पुढे डुकरांना टोचलेली लस सदोष निघाली, जनावरं गेली, पाठोपाठ शेतही गेलं. वडिलांनी कुणाच्या नावानं बोटं मोडली नाहीत, याची आठवण वुडन आयुष्यभर सांगत राहिले. प्राथमिक शाळा संपली तेव्हा वडिलांनी त्यांना दोन डॉलरची नोट आणि सात नियम लिहिलेला कागद दिला. चांगली पुस्तकं, विशेषतः बायबल, वाचावं आणि रोज प्रार्थना करून मिळालेल्याबद्दल आभार मानावेत, असं त्यात होतं. श्रीमंत हो, पहिला ये, असं काही नव्हतं.

पर्ड्यू विद्यापीठात 1932 पर्यंत खेळाडू म्हणून नाव कमावल्यावर वुडन शाळेत इंग्रजी शिकवू लागले. मुलाला कमी श्रेणी मिळाली म्हणून तक्रार घेऊन येणारे पालक तिथेही होतेच. त्या अनुभवातून 1934 मध्ये त्यांनी यशाची स्वतःची व्याख्या लिहून काढली. आपल्या कुवतीनुसार जितकं उत्तम होता येईल तितकं होण्यासाठी मनापासून झटलो, हे ठाऊक असल्यानं मिळणारी शांती म्हणजे यश. ते मोजणारा माणूस स्वतःच. या व्याख्येवर त्यांनी पुढे चौदा वर्षं खपून यशाचा एक पिरॅमिड रचला. त्याच्या पायाशी कष्ट आणि उत्साह, तर शिखराला लागून संयम आणि श्रद्धा.

ही जुळणी पाहण्यासारखी आहे, कारण संयमाची परीक्षा त्यांना स्वतःलाच द्यावी लागली. 1948 मध्ये ते लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात आले. तिथल्या जुन्या, कोंदट व्यायामशाळेत सरावाआधी फरशी पुसायला ते स्वतः उभे राहत. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं 1964 मध्ये, सोळाव्या हंगामात. ते धरून मात्र बारा वर्षांत दहा विजेतेपदं, त्यातली सात सलग, आणि 1971 ते 1974 या काळात ओळीनं 88 विजय. 1975 चं दहावं विजेतेपद जिंकून ते निवृत्त झाले.

या विजयांमागचं रोजचं काम अगदी साधं होतं. हंगामाच्या पहिल्या दिवशी ते खेळाडूंना मोजे कसे घालायचे आणि बुटांच्या नाड्या कशा बांधायच्या ते शिकवत. मोज्याला सुरकुती राहिली तर फोड येतो, फोड आला तर सराव बुडतो. सरावातल्या प्रत्येक मिनिटाचा आराखडा ते छोट्या कार्डांवर लिहून आणत. शेवटच्या हंगामात दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या सरावाचं निरीक्षण केलं. शिकवण्याच्या 2,326 कृती त्यांनी नोंदवल्या. त्यांतल्या सुमारे पंचाहत्तर टक्के काय करायचं आणि कसं करायचं, एवढंच सांगणाऱ्या होत्या. कौतुक आणि नाराजी यांचा वाटा प्रत्येकी सात टक्क्यांच्या आसपास. निकाल आपल्या हाती नाही असं मानणाऱ्याला हातातलं काम इतकं बारकाईनं करण्यावाचून गत्यंतर नसतं.

पण अशी श्रद्धा केवळ कार्यक्षमतेची युक्ती ठरू नये, म्हणून तिला किंमत मोजावी लागते. यूसीएलएला येण्याआधी वुडन इंडियाना स्टेट या महाविद्यालयात प्रशिक्षक होते. 1947 मध्ये त्यांच्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेचं बोलावणं आलं, मात्र कृष्णवर्णीय खेळाडूंना तिथे बंदी होती. संघात क्लॅरेन्स वॉकर हा कृष्णवर्णीय राखीव खेळाडू होता. वुडन यांनी बोलावणं नाकारलं. पुढच्या वर्षी बंदी उठली आणि वॉकर खेळला, तरी संघासोबत हॉटेलात राहणं त्याला तेव्हाही मिळालं नाही.

यूसीएलएत त्यांचा सर्वांत मोठा खेळाडू ल्यू अल्सिंडर महाविद्यालयात असतानाच इस्लामकडे वळला आणि पुढे करीम अब्दुल-जब्बार झाला. चर्चमध्ये सेवा करणाऱ्या प्रशिक्षकाला हे खटकावं अशी तो काळ पाहता अपेक्षा होती. या दोघांची मैत्री मात्र जवळपास पन्नास वर्षं टिकली आणि करीमनं 2017 मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. वुडन यांना स्वतःच्या धर्माची खात्री असल्यामुळे दुसऱ्याच्या धर्माची भीती वाटली नाही.

म्हणून त्यांना संत करण्याचं कारण नाही. सामन्याच्या वेळी त्यांच्या एका मुठीत छोटा क्रॉस असे आणि दुसऱ्या हातात गुंडाळलेली कार्यक्रमपत्रिका. तिच्याआडून ते पंचांना आणि विरोधी खेळाडूंनाही टोमणे मारत. बिल वॉल्टन या त्यांच्या खेळाडूनं दाढी ठेवणं हा आपला हक्क असल्याचं सांगितलं, तेव्हा हक्क मान्य करून, तुझ्याशिवाय खेळू, असं त्यांनी सौम्यपणे सुनावलं. वॉल्टननं दाढी काढली. त्याहून गंभीर गोष्ट सॅम गिल्बर्ट या धनिक बांधकाम व्यावसायिकाची. तो नियम मोडून खेळाडूंवर मेहेरबान्या करत होता. विद्यापीठाला त्याबद्दल शिक्षा झाली 1981 मध्ये, वुडन यांच्या निवृत्तीनंतर, पण गिल्बर्टचा वावर त्यांच्या काळातलाच होता. आपण पुरेसं आजूबाजूला पाहिलं नसावं, असं पुढे त्यांनीही कबूल केलं. मोज्याची सुरकुती दिसणाऱ्या डोळ्यांना गिल्बर्ट दिसला नाही, हा आक्षेप उरतोच. विजयाची भाषा टाळणाऱ्यालाही विजयाची झापडं लागू शकतात.

तरीही त्यांच्या आयुष्यातून एक कसोटी हाती येते. श्रद्धा दुसऱ्याला आवरायला वापरली की तिची सत्ता होते, स्वतःला आवरायला वापरली की शील घडतं. 1947 चा नकार आणि करीमशी मैत्री ही दुसरी वाट, दाढीचा प्रसंग पहिलीकडे झुकणारा, आणि गिल्बर्टच्या बाबतीत स्वतःला प्रश्न विचारायचं राहून गेलं. पत्नी नेली 1985 मध्ये गेल्यावर दर महिन्याच्या 21 तारखेला ते तिला पत्र लिहीत, तेही कुणाला दाखवायला नव्हे. वयाच्या 99 व्या वर्षी, 4 जून 2010 रोजी ते गेले.

आपल्याकडच्या शिकवणी वर्गांच्या जाहिरातींत पहिल्या आलेल्यांचे फोटो असतात आणि तेवढंच पाहून आपण मुलांना तिथे घालतो. यापुढे मुलाला कुणाच्या हाती सोपवताना त्या शिक्षकाचे निकाल जरूर विचारावेत. पण जिंकण्याची संधी समोर असताना त्यानं कधी आणि कशासाठी नकार दिला, हे त्याआधी विचारावं.