उज्जैनचा वळसा

मे महिन्यात नागपुरात दुपारी बारा ते पाच माणूस दोनच कामं करतो. कूलरमध्ये पाणी भरतो आणि कूलरसमोर पडून राहतो. सुट्टीत आलेल्या माझ्या भाच्यानं त्यात तिसरं काम शोधलं होतं. दोन दिवस तो एका राक्षसाच्या मागे होता. तिसऱ्या दिवशी चारच्या सुमारास त्यानं हातातला कंट्रोलर गादीवर टाकला आणि म्हणाला, ‘‘मामा, संपलाच ना हा! असं असते का कुठी? आत्ता तर कुठं जमून राहिलं होतं.’’

गेमचं नाव ‘राजी: ॲन एन्शन्ट एपिक’. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीनं तो २०२० मध्ये आणला. त्याआधी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न अपुरा पडला होता, तरी मंडळी चिकटून राहिली. दिसायला गेम देखणा आहे, यात वाद नाही. राजस्थानी वळणाचे किल्ले, लघुचित्रांतून उचललेले रंग, कमळांची तळी, आणि मधला कथाभाग सांगायला सावल्यांच्या बाहुल्या. पिंगुळीच्या ठाकरांचा खेळ पाहिलेल्या माणसाला त्या बाहुल्या बघून बरं वाटतं. गोष्ट अशी. राजी ही डोंबाऱ्यासारख्या कसरती करणारी मुलगी. राखीच्या दिवशी असुरांची धाड पडते आणि तिचा धाकटा भाऊ गोलू पळवला जातो. ती त्याला शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू वरून तिच्याकडे बघत असतात, आपसांत बोलत असतात, आणि ते बोलणं आपल्याला ऐकू येतं.

सुरुवात म्हणून याहून चांगली गाठ मिळणार नाही. राखी आणि हरवलेला भाऊ एवढ्या दोन शब्दांत मराठी काय, कुठलंही घर गुंतून पडेल. मग पाच-सहा तासांत बिघडतं कुठे?

भाच्याची तक्रार शेवटाबद्दल होती आणि ती रास्त आहे. शेवटची मोठी लढाई होते आणि कथा दोर कापल्यासारखी थांबते. गेम बाहेर आला तेव्हाही अनेकांनी हेच म्हटलं होतं. भरतानं नाटकाच्या पाच संधी सांगितल्या, मुखापासून निर्वहणापर्यंत. ‘राजी’ चौथीपर्यंत येतो आणि पडदा पाडतो. पण मला वाटतं, शेवटी जे उघडं पडलं त्याची सुरुवात बरीच आधी झाली होती. वाटेत भिंतींवर चित्रं लागतात. राजी त्यांच्यासमोर उभी राहिली की देवादिकांच्या कथा ऐकू येतात. कथा चांगल्या, आवाज चांगला, चित्रं तर फारच चांगली. मीही भाच्याला म्हणालो, ‘‘थांब, पूर्ण ऐक.’’ आणि ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की गेला अर्धा तास मला गोलूची आठवणच झालेली नाही. राजीलाही झालेली दिसली नाही.

अद्भुत कथेवर टीका करायची म्हटली की आपल्याकडे पहिलं बोट संभाव्यतेवर जातं. मराठीत कादंबरी लिहायला लागून फार वर्षं झाली नव्हती तेव्हाच, १८७२ मध्ये, काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी ‘नावल व नाटक’ यांविषयी निबंध लिहून त्या काळच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांची हजेरी घेतली. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांचे ते दिवस. असं कधी घडतं का, हा त्या टीकेचा रोख. त्या काळी तो प्रश्न विचारायला हवाच होता. त्यातूनच पुढे वास्तवाकडे वाट निघाली. पण अद्भुताला तो प्रश्न लागत नाही. मुलगी त्रिशूळ घेऊन भिंतीवरून धावते, हे आम्ही पहिल्या मिनिटाला मान्य केलेलं असतं. तिला भावाची घाई आहे, हेही मान्य केलेलं असतं. त्रिशूळ शेवटपर्यंत टिकतो. घाई टिकत नाही. निसर्गाचे नियम कथेनं खुशाल मोडावेत. स्वतः घेतलेली शपथ मोडली की मात्र ऐकणारा माघार घेतो.

मग कथेनं वाटेत थांबूच नये का? नागपूरकरानं असं म्हणणं म्हणजे घरच्या देवाला विसरणं. इथून पन्नासेक किलोमीटरवर रामटेक आहे, आणि कालिदासाचा रामगिरी तो हाच, असं वा. वि. मिराशी यांनी पुराव्यानिशी मांडलं. गडावर आज कालिदासाचं स्मारक आहे. त्या डोंगरावरून जगातला एक अत्यंत तातडीचा निरोप निघाला, आणि निरोप्याला सूचना काय मिळाली असेल तर ती वाट वाकडी करण्याची!

‘मेघदूता’तल्या यक्षाची बायको अलकेत, कैलासाजवळ. हा रामगिरीवर शिक्षा भोगतोय. आषाढ लागलाय, ढग उत्तरेला चाललाय. सरळ सांगावं ना, की बाबा, लवकर जा. तो सांगतो, आम्रकूटावर दम खा, नर्मदेचं पाणी पी, विदिशेला जा. आणि मग म्हणतो, तुझ्या वाटेवर नाही, वळसा पडेल, पण उज्जैन चुकवू नकोस. महाकालाच्या देवळात संध्याकाळपर्यंत थांब, आरतीला तुझा गडगडाट होऊ दे. रात्री पारवे झोपलेल्या एखाद्या गच्चीवर मुक्काम कर. हे आजच्या गेमच्या भाषेत सांगायचं तर चक्क साइड क्वेस्ट झालं. आणि तरी ‘मेघदूत’ रेंगाळतो, अशी तक्रार शाळेत सक्तीनं वाचायला लागलेल्या पोरांखेरीज कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही.

याचं उत्तर ‘कालिदास होता म्हणून’ असं देऊन सुटता येतं, पण ते उत्तर नव्हे. नीट बघितलं तर त्या काव्यात दोन घड्याळं आहेत. एक ढगाचं. ते सैल चालतं, नदी दिसली की थांबतं. दुसरं अलकेतलं. तिथे ती बाई उंबरठ्यावर फुलं मांडून उरलेले महिने मोजते आहे. यक्षाला ते ठाऊक आहे, म्हणून त्याच्या प्रत्येक ‘थांब’मागे ती फुलं आहेत. उज्जैनच्या गच्चीवरच्या मुक्कामानंतर तो लगेच ढगाला आठवण देतो, की रात्र सरली की निघ, मित्राचं काम अंगावर घेतलेला माणूस रेंगाळत नसतो. आणि शापाला तारीख आहे. विष्णू शेषावरून उठेल त्या दिवशी, म्हणजे आपल्या कार्तिकी एकादशीला, सुटका. चार महिने उरलेत, डोळे मिटून काढ, असा निरोपच आहे. वळसा कितीही गोड असला तरी त्याची किंमत दुसरीकडे कुणीतरी मोजतं आहे, हे आपल्याला दिसत राहतं. कथेची गती म्हणतात ती बहुधा हीच असावी. नायक किती धावतो यावर ती फारशी ठरत नाही. वाट बघणारं माणूस आपल्याला किती वेळा आठवतं, यावर ठरते.

(कथानकातल्या चुका काढणं हे आजच्या पोरांचं खूळ आहे, असं समजणाऱ्यांसाठी एक आठवण. आषाढाच्या पहिल्या दिवसापासून कार्तिकी एकादशीपर्यंत चार महिन्यांवर काही दिवस जास्त होतात. हा हिशेब लागत नाही म्हणून वल्लभदेव या टीकाकारानं ‘प्रथम’ ऐवजी ‘प्रशम’ असा पाठ घेतला, म्हणजे आषाढाचा शेवटचा दिवस. मल्लिनाथानं ‘प्रथम’ची बाजू धरली. दहा दिवसांच्या फरकावरून विद्वानांनी शतकानुशतकं घातलेला तो वाद माझ्या भाच्याला सांगितला, तेव्हा त्याला संस्कृतबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.)

हीच कसोटी ‘राजी’मधल्या भिंतींना लावून बघावी. कथेत कथा सांगणं हा आपला जुना धंदा. वनपर्वात तर पांडव बसल्या जागी किती कथा ऐकतात! पण त्या कधी सांगितल्या जातात ते बघा. माझ्याइतका दुर्दैवी राजा कुणी झाला का, असं युधिष्ठिर विचारतो, तेव्हा बृहदश्व नळाची गोष्ट सांगतो. जयद्रथ द्रौपदीला पळवतो, तिला सोडवून आणतात, आणि मग मार्कंडेयाच्या तोंडून रामाची कथा येते. सावित्रीची तिच्या पाठोपाठ. ऐकणाऱ्याच्या जखमेला ती कथा लागू पडते. शिवाय पांडवांकडे बारा वर्षं आहेत, घालवायचीच आहेत. राजीकडे एक दिवसही नाही, आणि भिंतीवरची कथा तिनं विचारलेली नाही. भाऊ हरवलेल्या बहिणीला नेमकी कुठली कथा हवी असेल, हा प्रश्न कुणी केला असता तर त्याच चित्रांनी गेम पुढे ढकलला असता. आहे त्या रूपात ती देखणी माहिती आहे. संग्रहालयात फिरताना असतं तसं.

आणि वरून बोलणारे देव. कल्पना मोठी आहे, पण तिची एक अडचण आहे. त्यांना सगळं आधीच ठाऊक असतं. मुलीच्या मनातलं मुलीआधी देव सांगून टाकतात, त्यामुळे ती स्वतः कमी बोलते, आणि आपण तिच्यासोबत चालण्याऐवजी देवांशेजारी बसून तिला बघतो. तिथून गोलू फारच लहान दिसतो. २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आली, तिच्यात हिंदी आवाज आले, दृश्यं नव्यानं केली गेली. आवाजानं जवळीक वाढते हे खरं. पण जी फुलं उंबरठ्यावर मांडलेलीच नाहीत, ती कुठल्याही भाषेत मोजता येत नाहीत.

परदेशातले अवाढव्य गेमही यातून सुटलेले नाहीत. पोलंडच्या ‘द विचर ३’मध्ये (२०१५) गेराल्ट लेकीसारख्या सिरीला शोधत असतो, आणि खेळणारा गावोगावच्या खानावळीत पत्ते कुटत बसतो. सिरीचं काही बिघडत नाही, ती थांबलेली असते. त्या मंडळींनी एक शहाणपण मात्र केलं. अधूनमधून आपल्याला सिरी करून खेळायला लावलं, त्यामुळे ती नुसतं नाव राहत नाही. याच्या उलट टोकाला निन्टेन्डोचा २०००चा ‘मेजोराज मास्क’. चंद्र तीन दिवसांत जमिनीवर कोसळणार, आणि ते तीन दिवस खरोखरच सरतात, आपल्या तासाभराच्या आत. मान वर केली की दात विचकणारा चंद्र. तिथे कुणाची घरगुती भानगड सोडवत बसलात तरी ती भानगड तातडीची वाटते.

आमच्याकडे हे कुणी पुस्तकात शिकवत नाही, पण वडसा-ब्रह्मपुरीकडची झाडीपट्टी नाटकं बघितलेल्या माणसाला ते कळलेलं असतं. दिवाळीनंतर भात निघाला की हंगाम लागतो. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या निमित्तानं गावात नाटक, रात्री दहाला सुरू, पहाटेपर्यंत. मध्ये विनोदी पात्र अर्धा तास खाऊन जातं, लावणी होते, वन्स मोअर होतो, थंडीत घोंगडी पांघरलेली म्हातारी डुलकी काढते. कथानकाच्या दृष्टीनं हा सगळा उज्जैनचाच वळसा. पण दोनदा डुलकी काढून उठलेली ती म्हातारी शेजारणीला एकच प्रश्न विचारते, ‘‘सून आली का वं घरी?’’ म्हणजे नाटक जागं आहे. आणि उजाडायच्या आत सून घरी आणावीच लागते, कारण समोर पाच-सहाशे माणसं बसलेली असतात आणि त्यांना धानाच्या कामावर जायचं असतं. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईत थोडी विचारपूस झाली. या रंगभूमीचं हे वेळेचं गणित मात्र अजून कुणी नीट मांडलेलं नाही.

छोट्या कंपनीला पैसे संपतात, मुदत येते, शेवटचे दोन अंक पुढच्या भागावर ढकलावे लागतात, हे मला मान्य आहे. म्हणूनच माझी तक्रार शेवट लहान असण्याची नाही. आपल्या व्रतांच्या कहाण्यांत साठ उत्तरांची गोष्ट पाचांत सुफळ करून टाकतात, आणि कुणाला घाई झाल्यासारखं वाटत नाही.

हे सगळं मी जूनमध्ये भाच्याला रामटेकच्या गडावर ऐकवत होतो. पाऊस लांबला होता, खिंडसी तलावाचं पाणी तळाला गेलं होतं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मग तो ढग पोचला का, मामा?’’

मी अडकलो. कारण ‘मेघदूता’त ढग पोचल्याचं कुठेच नाही. यक्षाचं बोलणं संपतं, तो ढगाला आशीर्वाद देतो, काव्य संपतं. काही हस्तलिखितांत पुढे जोडलेले श्लोक सापडतात. त्यांत निरोप पोचतो, शाप देणाऱ्या कुबेराला कळवळा येतो, शाप उठतो. ते कालिदासाचे नाहीत असं जाणकार मानतात. म्हणजे कुणीतरी आमच्या भाच्यासारखाच गादीवर काहीतरी आपटून उठला होता आणि त्यानं शेवट स्वतः लिहून टाकला होता.

‘‘म्हणजे तेपण अर्धंच आहे,’’ भाचा म्हणाला.

मी म्हटलं, तसं नाही, तारीख आधी सांगितलेली आहे, ढग पोचो न पोचो, कार्तिकात तो घरी जाणारच आहे. तुझ्या गोलूची तारीख कुणी सांगितली होती?

त्यानं थोडा विचार केला. मग बोटांवर मोजायला लागला, आषाढ, श्रावण, भाद्रपद, अश्विन. कार्तिकापाशी थांबला आणि म्हणाला, ‘‘दहा दिवस जास्त होते, मामा.’’